रेल्वेची वीज आणि आपली मोटर: पॉवर क्वालिटीचा धडा



आपल्या देवळ्यात रेल्वे नाही. पण मनमाड, लासलगाव, नाशिकरोडवरून विजेच्या गाड्या रोज धावतात, आणि त्यांच्या विजेत आपल्या धंद्यासाठी एक मोठा धडा आहे. पिठाची गिरणी, मसाला कांडप, डाळिंब ग्रेडिंग, कोल्ड स्टोरेज, काहीही सुरू करणार असाल तर हे वाचाच. ऐन सीझनमध्ये मोटर जळाली तर रिवाइंडिंगपेक्षा बंद राहिलेले दिवस जास्त महाग पडतात.

पॉवर क्वालिटी म्हणजे काय?
लाइट आहे म्हणजे वीज चांगली आहे, असं नसतं. तिन्ही फेजचं व्होल्टेज सारखं हवं, विजेची लहर स्वच्छ हवी आणि पॉवर फॅक्टर 1 च्या जवळ हवा.

रेल्वेची अडचण
रुळांवरच्या तारेत 25,000 व्होल्टची सिंगल फेज वीज असते. ग्रिड मात्र थ्री फेज. साध्या पद्धतीचं रेल्वे सबस्टेशन तीनपैकी दोनच फेजवरून वीज घेतं. म्हणजे ओझं एकाच बाजूला! त्यात कसाऱ्याहून इगतपुरीकडे घाट चढणारी जड गाडी आली की ओझं एकदम वाढतं. जुन्या पद्धतीची इंजिनं विजेची लहरही बिघडवतात. त्यालाच हार्मोनिक्स म्हणतात.

मग रेल्वे काय करते?
1. शेजारशेजारची सबस्टेशनं वेगवेगळ्या फेजच्या जोड्यांवर ठेवते. एकूण ओझं वाटलं जातं.
2. सबस्टेशनमध्ये कपॅसिटर बँक बसवते. पॉवर फॅक्टर सुधारतो.
3. डब्ल्यूएजी-9 सारखी नवी इंजिनं वापरते. त्यांचा पॉवर फॅक्टर 1 च्या जवळ असतो आणि उतारावर ब्रेक लावताना ती तारेत वीज परतही देतात.

आता आपलं बघा
पहिलं, वाटणी. दिवे, पंखे, वजनकाटा, वेल्डिंग सगळं एकाच फेजवर टाकू नका. व्होल्टेजमधल्या थोड्या फरकानेही मोटरच्या करंटमध्ये कितीतरी पट जास्त फरक पडतो, आणि मोटर तापते.

दुसरं, पॉवर फॅक्टर. हिशोब सोपा आहे. 10 किलोवॅटचं काम 0.7 पॉवर फॅक्टरवर केलं तर साधारण 14.3 केव्हीए लागतात. तेच 0.95 वर 10.5 केव्हीएमध्ये होतं. काम तेवढंच, पण वायरवरचा ताण कमी. तुमच्या बिलावर पॉवर फॅक्टर किंवा केव्हीएएच दिसत असेल, तर त्याचा थेट पैशाशी संबंध आहे.

तिसरं, कपॅसिटर अंदाजाने बसवू नका. गरजेपेक्षा मोठा कपॅसिटरही त्रास देतो. व्हीएफडी किंवा मोठा यूपीएस असेल तर हार्मोनिक्समुळे कपॅसिटर खराब होऊ शकतो. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून मोजमाप करून घ्या.

चौथं, एक फेज गेली तर मोटर बंद करणारं सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर लावा.

मित्रांनो, प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये आपण मशिनचा खर्च लिहितो आणि पॅनलचा विसरतो. मशिनचं कोटेशन घेताना पॅनल, कपॅसिटर आणि प्रिव्हेंटर यांचंही कोटेशन घ्या. कर्जाच्या रकमेत ते आधीच धरलं, तर नंतर खिशात हात घालावा लागणार नाही.