पियानोवाली आई

१९४२ साली नाझींनी प्रागमधल्या ॲलिस हर्त्झ-सोमर यांच्या वृद्ध आईला छळछावणीत धाडले. ती परतली नाही. पियानोच्या शिकवण्या घेणाऱ्या या ज्यू पियानोवादिकेने दुःख गिळून शोपँचे २४ अवघड एत्यूद बसवायला घेतले. पुढच्याच वर्षी पती आणि ६ वर्षांच्या राफाएलसह त्यांचीही रवानगी तेरेझिन छावणीत झाली. तिथे त्यांनी शंभरावर कार्यक्रम केले, तेही अर्धपोटी! पती दाखाऊला दगावले. मायलेक मात्र वाचले.

१९४९ मध्ये इस्रायलला गेल्यावर शिकवणे पुन्हा सुरू झाले. राफाएल नामवंत चेलोवादक झाला. २००१ मध्ये तोही अचानक गेला. नव्वदी ओलांडलेली आई लंडनच्या लहानशा घरात रोज पियानोवर बसतच राहिली. २०१४ मध्ये, ११०व्या वर्षी त्या वारल्या.