तळहाताएवढा संगणक आणि आजोबांचा आवाज

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने संगणकाच्या जोडणीवर लेख लिहावा, याचे आमच्या विज्ञान शाखेच्या मित्रमैत्रिणींना हसू येईल. पण गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत हे काम मी स्वतःच्या हातांनी केले, आणि शेवटी ते मला वह्या-खात्यांचेच काम वाटले. म्हणून हा लेखनप्रपंच.

माझे आजोळ मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूरचे. ताप्तीच्या राजघाटाकडे उतरणाऱ्या गल्लीत मामांचे घर आहे. आजीचे गुडघे आता तिला घाटापर्यंत जाऊ देत नाहीत. तिचा दिवस टीव्हीसमोर जातो. तिच्या पलंगाखाली एक पत्र्याची ट्रंक आहे आणि तिच्यात चाळीस कॅसेटी. बऱ्याचशा बाजारातल्या भजनांच्या. पण सात कॅसेटींत आजोबांचा आवाज आहे. एकादशीला ते हरिपाठ म्हणत आणि मामा तो टेपवर भरून घेत. आजोबा जाऊन अकरा वर्षे झाली. टेपरेकॉर्डरही बंद पडला. आजी म्हणाली, “आवाज घरातच आहे गं, पण ऐकू काही येत नाही.” ते वाक्य मनाला लागले.

प्रथम यंत्राविषयी. ‘रास्पबेरी पाय’ हा छोटा संगणक इंग्लंडमधील केंब्रिजच्या एका धर्मादाय संस्थेने मुलांना संगणक शिकता यावा म्हणून काढला. २०१२ च्या फेब्रुवारीत तो ३५ डॉलरना विक्रीस आला. आकार बसच्या पासाएवढा. मी वापरला तो २०१९ मध्ये निघालेला चौथ्या पिढीचा. त्याला स्वतःचा पडदा नाही, कळफलक नाही. पडदा टीव्हीचा घ्यायचा आणि साठवण नखाएवढ्या मायक्रो एसडी कार्डाची. वीज साधारण ५ वॅट. म्हणजे महिनाभर रात्रंदिवस चालू ठेवला तरी ३.६ युनिट. मामांनी हा आकडा आधी विचारला, मगच होकार दिला!

या यंत्रावर गाणी, चित्रपट आणि छायाचित्रे दाखवणारी प्रणाली म्हणजे ‘कोडी’. २००२ च्या सुमारास काही हौशी मंडळींनी ती एक्सबॉक्स या खेळयंत्रासाठी रचली. २०१४ मध्ये तिला हे नाव मिळाले. ती फुकट मिळते. आमच्या कन्नडमध्ये ‘कोडी’ म्हणजे तळे भरले की जास्तीचे पाणी बाहेर पडण्याची वाट. साठलेल्याला वाट देणारी प्रणाली, म्हणून मला हे नाव शोभून दिसले.

जोडणी अशी. दुसऱ्या संगणकावर ‘लिब्रेइलेक’ ही केवळ कोडी चालवण्यासाठी बनवलेली प्रणाली उतरवून घ्यावी आणि कार्डावर लिहावी. कार्ड यंत्रात बसवावे. एचडीएमआय तार टीव्हीला जोडावी. यंत्राला अशी दोन भोके आहेत, त्यांतले विजेच्या भोकाजवळचे वापरावे. चार्जर ५ व्होल्ट, ३ अँपिअरचा घ्यावा. मोबाइलचा कोणताही लावू नये. बहुतेक नव्या टीव्हींचा रिमोट त्याच तारेतून कोडीही चालवतो, त्यामुळे आजीला नवे काही शिकावे लागले नाही. आपल्याजवळच्या गोष्टी ऐकायला इंटरनेटही लागत नाही.

कॅसेटींचे काम मात्र संथ. शेजाऱ्यांकडून टेप आणला, कापसाने त्याचे डोके पुसले, प्रत्येक कॅसेट एकदा पुढे आणि एकदा मागे पूर्ण फिरवून फीत सैल केली. मग टेपमधून लॅपटॉपपर्यंत तार. साठ मिनिटांच्या कॅसेटीला साठ मिनिटेच लागतात. इथे घाई चालत नाही. सीडीच्या दर्जाचा आवाज मिनिटाला सुमारे १० मेगाबाइट जागा घेतो, म्हणजे एका कॅसेटीला ६०० च्या आसपास. सात कॅसेटी साडेचार गिगाबाइटच्या आत बसल्या.

आता माझ्या दोन चुका. वडिलांकडच्या अज्जीची जोगुळगीते मी मोबाइलवर भरून घेतली होती. एका कप्प्याला ‘आजी’, दुसऱ्याला ‘अज्जी’ असे नाव दिले, आणि घाईत दोघींचे सामान एकमेकींत मिसळले. एकादशीच्या संध्याकाळी हरिपाठ लावायला गेले तर कन्नड अंगाईगीत सुरू झाले. आजी हसली, पण मी खजील झाले. मग प्रत्येक ध्वनिमुद्रणाला म्हणणाऱ्याचे नाव, गाव आणि वर्ष लावले. रोजकीर्दीतली नोंद खतावणीत योग्य खात्यावर चढवावी लागते. नाही तर रक्कम असूनही सापडत नाही. साठा वेगळा आणि संग्रह वेगळा, हे मी तेव्हा शिकले.

दुसरी चूक मोठी होती. यंत्र बंद करायचा आदेश न देता मी सरळ प्लग काढला. दुसऱ्या दिवशी ते सुरूच होईना. कार्डावरची प्रणाली बिघडली होती. आजीने फक्त विचारले, “त्यांचा आवाज गेला का गं?” माझे हातपाय गळाले. सुदैवाने ध्वनिमुद्रणे कार्डावर नव्हती, वेगळ्या हार्ड डिस्कवर होती. कार्ड पुन्हा लिहिले, अर्ध्या तासात सर्व पूर्ववत झाले. पण तीच डिस्क बिघडली असती तर? त्याच आठवड्यात दुसरी प्रत करून मी ती आमच्या घरी आणली. द्विनोंदी पद्धत आपण परीक्षेपुरती पाठ करतो; तिचा खरा अर्थ मला राजघाटाच्या त्या घरात कळला.

आता एकादशीच्या संध्याकाळी आजी स्वतः रिमोट दाबते. टीव्हीच्या पडद्यावर फक्त आजोबांचे नाव आणि वर्ष दिसते. ती डोळे मिटून बसते आणि मधूनमधून त्यांच्याबरोबर म्हणते. मूळ कॅसेटी मी टाकू दिल्या नाहीत. त्या ट्रंकेतच, पण आता कोरड्या फडताळात आहेत.

वाचकहो, यंत्र जोडायला एक दुपार पुरते. आपापल्या घरातली ट्रंक मात्र आधी उघडा. फीत काही आपल्या सवडीची वाट पाहत नाही.