उटीच्या उतारावर ढगाचं मोजमाप

उटीला गेलेला मराठी पर्यटक तळं, बोटॅनिकल गार्डन, दोड्डाबेट्टा करतो, चहा-चॉकलेटं घेतो आणि परततो. त्याच गावातल्या एका उतारावर गवतात शेकडो पांढरी निमुळती टोपणं रांगेनं मांडलेली आहेत, ती कुणाच्या यादीत नसतात. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची ही वैश्विक किरण प्रयोगशाळा. इथल्या प्रयोगाचं नाव ग्रेप्स-३, आणि त्यात जपानी संशोधकांची साथ आहे.

अवकाशातून आलेला वेगवान कण हवेच्या अणूवर आदळला की त्यातून नवे कण फुटतात, त्यांच्यातून आणखी. या वर्षावाचं गणित भौतिकशास्त्रज्ञ होमी भाभा आणि हाइटलर यांनी १९३७ मध्ये मांडलं होतं. इथं, समुद्रसपाटीपासून २,२०० मीटरांवर, तो वर्षाव प्रत्यक्ष मोजला जातो. टोपणाखालच्या प्लॅस्टिकच्या जाड तक्त्यातून कण गेला की क्षणभर प्रकाश चमकतो आणि त्याची नोंद होते.

मला मात्र सर्वांत मोलाचा वाटतो तो शेजारचा म्युऑन टेलिस्कोप. म्युऑन म्हणजे याच वर्षावातले, इलेक्ट्रॉनपेक्षा जड कण. त्याला ना भिंग, ना आरसा. दोन मीटरांहून जाड काँक्रीट आणि त्याखाली चार थरांत रचलेल्या ३,७१२ पोलादी नळ्या. नळी सहा मीटर लांब, दहा सेंटिमीटर चौकोनी. मधोमध ताणलेली बारीक तार, भोवती आरगॉन-मिथेन वायू. इलेक्ट्रॉन काँक्रीटमध्येच अडकतात, दमदार म्युऑन तेवढे आरपार येतात. या नळ्या कोलारच्या सोन्याच्या खाणीत प्रोटॉनचा ऱ्हास शोधण्यासाठी लावलेल्या होत्या. तिथला प्रयोग संपल्यावर त्या भंगारात न काढता इथं आणून पुन्हा कामाला लावल्या. ही काटकसर नव्हे, हा कसब आणि वस्तू दोन्ही जपणारा शहाणपणा आहे.

त्याचं फळ १ डिसेंबर २०१४ ला मिळालं. उटीवर गडगडाटी ढग आला आणि म्युऑनांची संख्या काही मिनिटं घटली. जमिनीवर पोचणाऱ्या म्युऑनांत धनभारित थोडे जास्त असतात. ढगातल्या विद्युतक्षेत्रानं धनांचा वेग मारला, ऋणांचा वाढवला. पण धन जास्त असल्यानं बेरीज उणे झाली. त्या तुटीवरून ढगातला विद्युतदाब काढला, तो निघाला सुमारे १.३ अब्ज व्होल्ट. २०१९ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. त्याआधी ढगात फुगे सोडून मोजलेला सर्वाधिक दाब याच्या दहाव्या हिश्शाएवढा होता. फुगा ढगातल्या एकाच वाटेनं वर जातो; म्युऑन अख्ख्या ढगातून, एकाच वेळी, सगळ्या दिशांनी येतात.