पार्लमेंटपर्यंत पोहोचलेले अर्ज

इ. स. १८५३ च्या तहाने धाराशिवचा मुलूख निजामाच्या अमलातून कंपनी सरकारच्या ताब्यात गेला. हैदराबादच्या कंटिंजंट फौजेचा खर्च निजाम सरकारकडून वर्षानुवर्षे थकत गेला होता, आणि त्या थकबाकीपोटी वऱ्हाड, रायचूरचा दुआब व धाराशिव हे प्रांत तोडून घेण्यात आले. नळदुर्ग येथे जिल्ह्याचे ठाणे झाले आणि ग्रंथकार म्हणूनही प्रसिद्ध असलेले मेडोज टेलर हे तेथे डेप्युटी कमिशनर म्हणून काम पाहू लागले. पुढे १८५७ च्या धामधुमीत निजामाने इंग्रजांशी इमान राखले, त्याची बक्षिशी म्हणून १८६० साली धाराशिव आणि रायचूर त्यास परत मिळाले. पहिल्या वेळी कर्जासाठी आणि दुसऱ्या वेळी बक्षिशीसाठी, असे दोनदा या मुलखाचे हस्तांतर झाले. परंतु तुळजापूर-नळदुर्गच्या कुणब्यास, देशमुखास किंवा कुलकर्ण्यास त्याविषयी एका शब्दानेही कोणी विचारले नाही.

ही गोष्ट अधिक खटकते, याचे कारण असे की, ज्या वर्षी हा तह झाला त्याच वर्षी मुंबईच्या नागरिकांचे गाऱ्हाणे विलायतेच्या पार्लमेंटसमोर होते. कंपनीच्या सनदेचे नूतनीकरण जवळ आले, तेव्हा २६ ऑगस्ट १८५२ रोजी मुंबईत बॉम्बे असोसिएशनची स्थापना झाली. नाना शंकरशेट तिचे अध्यक्ष आणि डॉ. भाऊ दाजी तिचे चिटणीस होते. एतद्देशीयांस जबाबदारीच्या जागा मिळाव्यात, कायदे करताना त्यांचा विचार घेतला जावा, अशा मागण्यांचा विस्तृत अर्ज या मंडळींनी लंडनला रवाना केला. पार्लमेंटकडे अर्ज करण्याचा हक्क इंग्रज प्रजेने शतकानुशतके वापरला होता. मात्र अर्ज विहित नमुन्यात असावा, त्यात विनंतीचे कलम स्पष्ट असावे, आणि सभागृहाच्या एखाद्या सभासदाने तो स्वतः दाखल करावा, असा दंडक होता. म्हणजे अर्जदाराचा कैवार घेणारा सभासद मिळाल्याशिवाय कागद सभागृहाच्या टेबलावर पोचतच नसे. १८५३ च्या कायद्याने मुलकी नोकरीसाठी स्पर्धापरीक्षा आली, पण ती लंडनमध्येच. आणि कायदेमंडळात हिंदी माणसाचा शिरकाव व्हावयास १८६१ साल उजाडावे लागले.

अर्जाच्या या वाटेवर मराठी माणसाने केवढे कष्ट सोसले, हे पाहावयाचे तर रंगो बापूजी गुप्ते यांच्याकडे पाहावे. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांना १८३९ च्या सप्टेंबरात पदच्युत करून काशीस पाठविण्यात आले. त्यांच्यावर राजद्रोहाचे आरोप ठेवले होते, पण बचावाची नीट संधी देऊन चौकशी करण्याचे सौजन्य सरकारने दाखविले नाही. त्यांचे वकील म्हणून रंगो बापूजी लंडनला गेले आणि सुमारे चौदा वर्षे तेथेच राहिले. परक्या हवेत, परक्या भाषेत, पैशाची ओढाताण सोसत, त्यांनी कंपनीच्या भागीदारांच्या सभांतून आपल्या धन्याची बाजू मांडली, कागदपत्रे छापून वाटली, पार्लमेंटचे सभासद जोसेफ ह्यूम आणि गुलामगिरीविरुद्ध झगडलेले जॉर्ज टॉमसन यांच्यासारख्यांचे साह्य मिळविले. त्यांच्या खटपटी चालू असतानाच १८४७ साली प्रतापसिंह काशीत वारले, आणि पुढच्याच वर्षी साताऱ्याचे राज्य खालसा झाले. इतका सर्वनाश झाल्यावरही हा माणूस आणखी पाच वर्षे तेथे टिकून राहिला. त्यांच्या या निष्ठेपुढे माझे मस्तक नम्र होते. स्वदेशी परतल्यावर ते १८५७ च्या उठावाच्या जुळवाजुळवीत गुंतले. त्यांचे चिरंजीव सीताराम यांना साताऱ्यात मृत्युदंड झाला, आणि रंगो बापूजी कोठे नाहीसे झाले याचा सरकारला थांग लागला नाही. कायदेशीर मार्ग चौदा वर्षे चोखाळलेल्या माणसाने अखेर शस्त्राची वाट धरली, यातच त्या काळच्या न्यायाचे मोल दिसते.

पुण्याने मात्र अर्जाला निराळे बळ दिले. पर्वती संस्थानच्या कारभाराविषयीच्या असंतोषातून ज्या चळवळीला आरंभ झाला, तिच्यातून २ एप्रिल १८७० रोजी सार्वजनिक सभा उभी राहिली. गणेश वासुदेव जोशी तिचे प्राण होते, आणि १८७१ मध्ये पुण्यास आलेल्या न्यायमूर्ती रानड्यांनी तिला बुद्धीचे बळ दिले. सभेचा सभासद होऊ इच्छिणाऱ्याने किमान पन्नास माणसांचे मुखत्यारपत्र आणले पाहिजे, असा नियम होता. माझ्या मते हा नियम सभेच्या कोणत्याही अर्जापेक्षा महत्त्वाचा आहे. 'मी लोकांच्या वतीने बोलतो' असे म्हणणे सोपे असते. परंतु पन्नास लोकांच्या सह्या असलेला कागद पुढे ठेवणाऱ्यास ते वचन पाळावे लागते, आणि सही करणाऱ्यासही आपण राजकारणाचे एक घटक आहो याचे भान येते. १८७५ साली याच सभेने हाउस ऑफ कॉमन्सकडे अर्ज करून पार्लमेंटात हिंदी प्रतिनिधी असावेत अशी मागणी केली. मागणी मान्य झाली नाही. दादाभाई नौरोजी १८९२ मध्ये निवडून आले ते लंडनच्या मतदारसंघातून. पण दुष्काळाच्या काळात, १८७६-७७ साली, गावोगावची परिस्थिती टिपून सरकारपुढे मांडण्याची शिस्त या सभेला लागली होती, ती याच सवयीतून.

धाराशिवच्या रयतेला अशी शिस्त लावून घेण्याचे स्थानच मिळाले नाही. निजामी राज्यात अर्ज पुष्कळ होत. अव्वल तालुकदारापासून थेट दरबारापर्यंत अर्जदारांची रीघ असे. परंतु ती विनवणी कृपेसाठी, ज्याच्यावर सभासद प्रश्न विचारू शकेल अशा हक्कासाठी नव्हे. १८८४ पर्यंत दफ्तराची भाषा फारसी आणि त्यानंतर उर्दू असल्यामुळे मराठी शेतकऱ्यास आपले दुःखसुद्धा दुसऱ्याच्या लेखणीतून सांगावे लागे. १८९३ मध्ये कायदेमंडळ निघाले, पण त्यात लोकांनी निवडलेल्यांचे बळ नव्हते. पुढे निजाम सरकारच्या गश्ती (परिपत्रक) क्रमांक ५३ ने सभा भरविण्यावरच पूर्वपरवानगीचे बंधन घातले. सभा नाही तेथे सामूहिक अर्ज कोठून तयार व्हावा?

म्हणून येथील कार्यकर्त्यांनी शाळेचा आश्रय घेतला. हिप्परगे येथील राष्ट्रीय शाळेत स्वामी रामानंद तीर्थ यांच्यासारखे शिक्षक मुले घडवीत होते. १९३७ मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषद भरली, तिच्यापुढे जबाबदार राज्यपद्धतीची मागणी आली. आणि १९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेसची स्थापना होण्यापूर्वीच तिच्यावर बंदी आली, तेव्हा सत्याग्रहाशिवाय गत्यंतर राहिले नाही. पुण्याच्या सभेने दोन पिढ्या अर्ज लिहून जे राजकीय शिक्षण मिळविले, ते मराठवाड्याला तुरुंगातून घ्यावे लागले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी सत्ता संपली, आणि १९५२ मध्ये उस्मानाबाद, म्हणजेच धाराशिव, जिल्ह्यातील स्त्री-पुरुषांनी प्रौढ मतदानाच्या हक्काने हैदराबाद विधानसभेचे सभासद निवडले.