सेकंडहँड बाईक घेताना काय तपासावं? आणि नवशिक्याने ती शिकावी कशी?

मी भाजेचा. मळवली स्टेशनवरून लोकल पकडून तळेगावला कामाला जातो. दुपारी लोकलमध्ये मोठा खंड असतो आणि माझी शिफ्ट नेमकी तेव्हाच सुटते. शेवटी ठरवलं, बाईक घ्यायचीच. बजेट ३५ हजार, तेही आईच्या भिशीचे. आणि गाडी तर चालवताच येत नव्हती!

टोकन देण्याआधी थांबा

एका जाहिरातीत २०१७ ची १०० सीसी गाडी दिसली. फोटो झकास, किंमत ३२ हजार. विकणारा म्हणाला, "दादा, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. ५ हजार टाक, गाडी तुझी." मी यूपीआय उघडलंसुद्धा. तेवढ्यात मामाचा फोन आला. त्याने एकच विचारलं, "आरसीवर नाव कुणाचं आहे रे?"

नाव तिसऱ्याच माणसाचं होतं. विकणाऱ्याने गाडी कधी स्वतःच्या नावावर केलीच नव्हती. त्याच्याकडे फक्त मूळ मालकाच्या सह्या असलेले कोरे फॉर्म होते. मूळ मालक कुठे आहे, ते त्यालाही माहीत नव्हतं. मी पैसे पाठवले नाहीत. आठवडाभर वाईट वाटलं, पण आईचे पैसे वाचले.

यात एवढं काय, असं वाटेल. कायद्याच्या नजरेत आरसीवर ज्याचं नाव, तो मालक. अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. म्हणून घेणाऱ्याने आणि विकणाऱ्यानेही नाव बदलल्याशिवाय निश्चिंत होऊ नये.

मोबाईलवर पाच मिनिटांत हे बघा

१. एम-परिवहन ॲपमध्ये गाडीचा नंबर टाका. नोंदणीची तारीख, मॉडेल, विमा आणि पीयूसी आरसीशी जुळतंय का पाहा.
२. ई-चलन तपासा. जुने दंड विकणाऱ्यालाच भरायला सांगा.
३. आरसीवर बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं नाव असेल, तर कर्ज फिटल्याची एनओसी आणि फॉर्म ३५ मागा.
४. हँडलखालच्या मानेवर चेसिस नंबर कोरलेला असतो. फोटो काढून झूम करा आणि आरसीशी ताडून पाहा. खाडाखोड दिसली तर सरळ घरी या.

व्यवहार ठरला की मूळ मालकाला समोर बसवून फॉर्म २९ आणि ३० भरा. आपल्या मावळचं काम पिंपरी-चिंचवड आरटीओकडे, म्हणजे एमएच-१४ कडे असतं. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करायला द्या.

गाडी थंड असताना बघायला जा

गरम इंजिन लगेच स्टार्ट होतं, दोष लपतात. आधी सायलेन्सरला लांबूनच हात लावून अंदाज घ्या. स्टार्ट केल्यावर निळसर धूर सतत येत असेल, तर इंजिन ऑईल जाळतंय, खर्च मोठा आहे. पुढच्या शॉकअपवर ऑईलचा ओघळ आहे का बघा. टायरवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा २३वा आठवडा. टायर जुना, कडक झालेला असेल तर तेवढे पैसे कमी करून मागा. ओळखीचा मेकॅनिक सोबत न्या, त्याचे दोन-तीनशे रुपये वसूल होतात.

मला दुसरी गाडी कार्ल्यात मिळाली, २८ हजारांत. मालक एकच, कागद सगळे नीट.

आता शिकायचं कसं?

आधी लर्निंग लायसन्स काढा. आधार असेल तर सारथी पोर्टलवर घरबसल्या परीक्षा देता येते. गिअरच्या गाडीला वय १८ पूर्ण हवं. लर्निंग ६ महिने चालतं आणि ३० दिवसांनंतर पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येते.

पहिले दोन दिवस मी मोकळ्या जागेत ॲक्सिलरेटरला हातच लावला नाही. फक्त क्लच सोडत गाडी कुठे पुढे सरकू लागते, ती जागा ओळखली. ती कळली की गाडी बंद पडत नाही.

तिसऱ्या दिवशी पडलो. वळताना खडीवर पुढचा ब्रेक जोरात दाबला, चाक सरकलं. हेल्मेट आणि बूट होते, गुडघाच सोलला. तेव्हापासून नियम पक्का: गाडी सरळ करा, मग दोन्ही ब्रेक हळूहळू वाढवत दाबा. कोरड्या रस्त्यावर पुढचा ब्रेकच जास्त थांबवतो, पण खडीवर आणि वळणात तोच पाडतो.

लोहगडच्या चढावर थांबावं लागलं तर उजव्या पायाने मागचा ब्रेक धरा, क्लच अर्धा सोडा, गाडी ओढू लागली की थोडा रेस देऊन ब्रेक सोडा. उतरताना पेट्रोल वाचवायला न्यूट्रल टाकू नका. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनच गाडी आवरतं. पावसाळ्यात शनिवार-रविवारी तिथे पर्यटकांची गर्दी असते, त्या दिवशी शिकायला जाऊच नका.

शेवटचं, गुगल मॅप्समध्ये टू-व्हीलर मोड निवडा. आपल्या शेजारून जाणाऱ्या मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर दुचाकीला बंदी आहे. कारचा मोड राहिला तर मॅप बिनधास्त तिकडेच वळवतो. आपला रस्ता जुना हायवे.

आता दुपारी लोकलची वाट बघावी लागत नाही. पण परवा आईला मागे बसवून पहिल्यांदा नेलं, ते पक्कं लायसन्स हातात आल्यावरच.