चाकणचा कांदा, भोसरीचं बिल

चाकणच्या मार्केट यार्डात कांद्याचा लिलाव होतो तेव्हा माल डोळ्यांसमोर असतो. व्यापारी कांदा हातात घेतात, दाबून पाहतात आणि भाव सगळ्यांदेखत पुकारला जातो. शेतकऱ्याला भाव पटो न पटो, तो कसा निघाला हे त्याला दिसतं. याच गावाभोवती वाहनउद्योगाचा दुसरा बाजार उभा राहिला, तिथे मात्र काहीच उघड्यावर नसतं. बजाज, महिंद्रा, मर्सिडीज-बेंझ आणि ३१ मार्च २००९ रोजी उद्घाटन झालेला फोक्सवॅगनचा कारखाना, सगळे याच पट्ट्यात. त्यांना लागणारे सुटे भाग भोसरी, चिंचवड, तळवड्याच्या शेडमध्ये बनतात. कंपनीला माल देणारा एक व्हेंडर, त्याला देणारा दुसरा, त्याच्याकडे जॉबवर्क करणारा तिसरा. भाव ठरतो परचेस खात्यात.

मोबाइल आणि साड्या ऑनलाइन विकल्या जाऊ लागल्या, तसा हा बाजारही ऑनलाइन आणायचे प्रयत्न झाले. सगळ्यात मोठा अमेरिकेत. फेब्रुवारी २००० मध्ये जनरल मोटर्स, फोर्ड आणि डेमलर-क्रायस्लर या एरवीच्या स्पर्धकांनी एकत्र येऊन ‘कोव्हिसिंट’ची घोषणा केली. तिथे लिलाव उलटा चालायचा. बोली वर चढण्याऐवजी खाली उतरायची आणि सर्वांत कमी दर देणाऱ्याला काम. हा बाजार आपला भाव पाडण्यासाठीच मांडला आहे, हे पुरवठादारांच्या लगेच लक्षात आलं आणि ते मनापासून आत आलेच नाहीत. २००४ मध्ये कोव्हिसिंट कॉम्प्युवेअर या सॉफ्टवेअर कंपनीला विकून टाकलं गेलं.

यामागचं अर्थशास्त्र जाँ-शार्ल रोशे आणि जाँ तिरोल यांनी २००३ मध्ये मांडलं. तिरोल यांना पुढे २०१४चं नोबेल मिळालं. बाजार चालवणाऱ्याला दोन्ही बाजूंची माणसं आत आणावी लागतात, आणि एकूण शुल्क किती याइतकंच ते कोणत्या बाजूकडून घ्यायचं, यावर बाजार जगतो की मरतो हे ठरतं, असं त्यांचं म्हणणं. आपल्याकडे याचा अनुभव २०१६च्या जुलैत आला. फळं-भाजीपाला, कांदा-बटाट्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची, असं राज्य सरकारनं ठरवताच व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवले. खिसा बदलला की सगळंच बदलतं.

सुट्या भागांची अडचण याहून खोल आहे. साधा टर्निंगचा जॉब घ्या. ड्रॉइंग येतं, व्यासावर वीस मायक्रॉनची टॉलरन्स. फिक्श्चर बनवायचं, सेटिंग लावायचं, सॅम्पल पाठवायचं, सोबत इन्स्पेक्शन रिपोर्ट जोडायचा. पीपॅप, म्हणजे सुट्या भागाच्या मंजुरीची कागदपत्रं, मंजूर झालं की मग पुरवठ्याचं शेड्यूल सुरू. ते फिक्श्चर दुसऱ्या कुठल्याच जॉबला उपयोगी पडत नाही. गिऱ्हाईक गेलं की ते रॅकवर पडून राहतं. अशी एकाच व्यवहाराला बांधलेली गुंतवणूक असली की खुला बाजार का चालत नाही, हे ऑलिव्हर विल्यमसन यांनी समजावून दिलं. २००९च्या नोबेलचे ते एक मानकरी. शिवाय पोर्टलवर ओळख झाली, तरी पहिली ऑर्डर पोर्टलवरून येते आणि दुसरी व्हॉट्सॲपवरून. मग मधल्याला कमिशन कोण देणार? १९९६ मध्ये सुरू झालेल्या इंडियामार्टनं म्हणूनच सौद्यावर कमिशन न घेता वर्गणी घेऊन चौकश्या पुरवायचा मार्ग धरला. २०१८ची बेंगळुरूची झेटवर्क तर ऑर्डर स्वतःच्या नावावर घेते, वर्कशॉपकडून माल बनवून घेते आणि गुणवत्तेची जबाबदारी स्वतः उचलते. तिथे बाजारापेक्षा कंत्राटदारीच जास्त उरते.

या पट्ट्याला ज्याची खरी गरज आहे असा ऑनलाइन बाजार माझ्या मते एकच, आणि त्यात माल विकला जात नाही. बिल विकलं जातं.

रिझर्व्ह बँकेनं डिसेंबर २०१४ मध्ये ‘ट्रेड्स’ या व्यवस्थेची मार्गदर्शक तत्त्वं काढली. २०१७ मध्ये आरएक्सआयएल, एमवनएक्स्चेंज आणि इन्व्हॉइसमार्ट हे तीन मंच सुरू झाले. भोसरीचा लघुउद्योजक आपलं बिल तिथे चढवतो. माल घेणारी कंपनी ‘हो, हे देणं आमचं’ असं मंचावर मान्य करते. मग बँका आणि वित्तसंस्था त्या बिलावर व्याजदराची बोली लावतात. इथेही बोली खालीच उतरते, पण या वेळी उतरते ती सावकाराची. पैसे उद्योजकाच्या खात्यात येतात आणि मुदतीच्या दिवशी कंपनीच्या खात्यातून रक्कम वळती होते. कंपनीनं बुडवलं, तरी वित्तसंस्था उद्योजकाच्या मागे लागू शकत नाही.

यातली खरी करामत अशी, की वित्तसंस्था पत पाहते ती कंपनीची. लहान शेडवाल्याला मोठ्या नावाच्या दरानं पैसा मिळतो. समजण्यापुरता हिशेब करू. दहा लाखांचं बिल, नव्वद दिवस. अठरा टक्क्यांनी पैसा उचलला तर व्याज सुमारे ४४ हजार, नऊ टक्क्यांनी उचलला तर २२ हजार. जॉबवर्कवाल्याचा नफा बऱ्याचदा या दोन आकड्यांच्या मधेच कुठेतरी असतो.

नव्वद दिवस थांबण्याची वेळच खरं तर येऊ नये. २००६च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज. तक्रारीसाठी २०१७ मध्ये ‘समाधान’ पोर्टल सुरू झालं. पण तक्रार केली की पुढचं शेड्यूल बंद होईल, या भीतीनं माणूस गप्प राहतो. १ एप्रिल २०२४ पासून मुदतीबाहेर थकवलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला प्राप्तिकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. त्या कलमाला धाक आहे. मात्र आजच्या आज पगार करायचे असतील, तर त्यासाठी ट्रेड्सच लागतो.

ट्रेड्सच्या नेमक्या अडचणीवर सरकारनं बरोबर बोट ठेवलं. उद्योजक कितीही आले तरी कंपन्या आल्या नाहीत तर मंच रिकामाच, म्हणून २०१८ मध्ये ५०० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना नोंदणी सक्तीची केली. नोव्हेंबर २०२४ मध्ये ही मर्यादा २५० कोटींवर आणली आणि ३१ मार्च २०२५ची मुदत दिली. पिंपरी-चिंचवडच्या दृष्टीनं हा बदल फार मोठा आहे. लहान शेडवाल्याचं बिल सहसा वाहन कंपनीकडे जातच नाही, ते मधल्या व्हेंडरकडे जातं, आणि आता मधल्यांपैकीही बरेच या टप्प्यात येतात.

पण नियमाला मोठं भोक आहे. सक्ती नोंदणीची आहे, बिल मान्य करण्याची नाही. कंपनी नाव नोंदवून स्वस्थ बसू शकते, आणि तिला तसं बसणं सोयीचंही आहे. एकदा मंचावर बिल मान्य केलं की नंतर रिजेक्शनची डेबिट नोट लावून रक्कम कापता येत नाही, आणि ‘पुढच्या आठवड्यात बघू’ हा फुकटचा उधारीचा दरवाजाही बंद होतो.

तेव्हा सक्ती हवी ती मान्यतेची. जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, झाल्यावर ठरलेल्या दिवसांत बिल मान्य करा किंवा लेखी कारण देऊन नाकारा. हे अवघड नाही. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवर उलाढाल असलेल्या उद्योगांचं प्रत्येक ई-इन्व्हॉइस सरकारी यंत्रणेत नोंदलं जातंच. तेच पुढे मंचावर नेता येईल.

तोवर भोसरी-तळवड्यातल्या उद्योजकांना एवढंच सांगणं आहे. उद्यम नोंदणी क्रमांक प्रत्येक बिलावर छापा. पुढच्या पीओची (खरेदी ऑर्डरची) बोलणी करताना भावाबरोबर हेही लिहून घ्या, की बिल ट्रेड्सवर मान्य करणार का आणि किती दिवसांत. एकट्यानं विचारलं तर खरेदीदार नाव लक्षात ठेवतो, म्हणून हा प्रश्न आपल्या संघटनेच्या लेटरहेडवर जाऊ द्या.