दाढेत वाढलेले मांस

परवा दवाखान्यात एक आई आठ वर्षांच्या मुलाला घेऊन आली. “डॉक्टर, याच्या दाढेत मांस वाढलंय. दुखत नाही, पण चावताना रक्त येतं. दुधाची दाढ आहे, पडेल ना आपोआप?” मी बॅटरी लावून पाहिले. खालची दाढ किडून तिची वाटी झाली होती आणि त्या वाटीत तांबडा, मऊ गोळा बसला होता.

असे मांस बहुधा दाताच्या आतूनच आलेले असते. दाताच्या कठीण कवचाखाली रक्तवाहिन्या व मज्जातंतू असलेला मऊ गर असतो. कीड तिथवर पोचली की त्याला सूज येते. मोठ्या माणसांत दाताच्या मुळाचे टोक अरुंद असते. सूज आतच कोंडते, दाढ ठणकते आणि शेवटी गर मरतो. लहान मुलांत हे टोक रुंद असते, रक्तपुरवठा भरपूर असतो. त्यातच वरचे छप्पर किडून गेले असेल, तर गर मरण्याऐवजी वर वाढू लागतो. यालाच पल्प पॉलिप म्हणतात.

सूक्ष्मदर्शकाखाली हा गोळा भरत आलेल्या जखमेसारखा दिसतो. नव्या नाजूक केशवाहिन्या, तंतू तयार करणाऱ्या पेशी आणि जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींची गर्दी. म्हणून जरा धक्का लागताच रक्त येते. मज्जातंतू मात्र थोडे, म्हणून दुखत नाही. गोळा जुना झाला की त्यावर गालाच्या आतल्या अस्तरासारखा थर चढतो. तो फिकट दिसतो, रक्तही कमी येते. आईवडिलांना वाटते, बरे होत आहे. प्रत्यक्षात आतली सूज तशीच असते.

हा कॅन्सर नव्हे. पण गोळा दोऱ्याने आवळू नये, घरी कापू नये. नुसत्या औषधाच्या गोळ्यांनीही तो जात नाही. दंतवैद्य एक्स-रे काढून पाहतात. दात पुरेसा शिल्लक असेल, तर खराब गर काढून तो वाचवता येतो, नाहीतर दाढ काढावी लागते.

आणि एक लक्षात ठेवा. मधल्या दातापासून मागे मोजत गेल्यास सहावी येणारी दाढ दुधाची नसते. ती साधारण सहाव्या वर्षी, कोणताही दात न पडता, मागे उगवते. ती कायमची असते, गेली की पुन्हा येत नाही.

त्या मुलाची दाढ मी आईसमोरच मोजली. सहावी निघाली. लगेच दंतवैद्यांच्या नावे चिठ्ठी लिहून दिली.